चाकापाशी डावी चप्पल

आमच्या घरी नवीन माणूस आलं की आधी दाराशीच अडखळतं. खाली बघतं, मग आत बघतं, मग परत खाली. दाराशी पुरुषाची एकच चप्पल. उजवी. विचारावं की विचारू नये या पेचात ते माणूस पाणी पितं, चहा पितं, हवापाण्याचं बोलतं, आणि निघताना न राहवून म्हणतंच, "वहिनी, एक चप्पल कुत्र्यानं पळवली वाटतं." मी सांगून सांगून थकले. हल्ली सरळ म्हणते, "नाही, ती कामावर गेलीय." पुढचं ज्याला ऐकायचं असेल त्यानं परत बसावं. मला वेळ आहे आणि मला बोलायला आवडतं. घरात दुसरं कोणी बोलत नाही.

आमचे हे ट्रक ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटलं की लोकांना वाटतं, दांडगा आवाज, तोंडात शिवी, रस्ता आपल्या बापाचा. ह्यांचं सगळं उलटं. भाजीत मीठ नसलं तरी गुपचूप जेवून उठतील. मी जेवायला बसल्यावर मला कळणार, आणि मी ओरडले की म्हणणार, "मला वाटलं आज तसंच केलंय." हॉर्नसुद्धा असा वाजवायचे, की पुढच्याला वाटावं मागून कुणी खाकरलं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या भावानं विचारलं होतं, "ह्यांना बोलता येतं ना?" मी म्हटलं, "मला येतं की दोघांपुरतं."

पण गाडी उभी करताना ह्यांना बघायला हवं होतं. टपरीवर थांबायचं असलं तरी आधी सगळी जागा डोळ्याखालून घालणार. उतार कुठे, कड कुठे, पुढे कोण बसलंय, मागे काय आहे. चहा आला की बशीत थोडा ओतून बशी जमिनीवर ठेवणार आणि चहा कुठल्या कडेला जातो ते बघणार. लोकांना वाटायचं चहा गार करतायत. हे आधीपासून नव्हतं बरं का. आधी हेसुद्धा इतरांसारखेच होते. गाडी लावली, दार आपटलं, चालले. ते बदललं त्या खडीच्या ढिगापासून.

आमची पोर तेव्हा लहान होती. तिला ढब्बी म्हणायचो, गालांमुळे. आता गाल कुठच्या कुठे गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. माल उतरवून गाडी रिकामी होती आणि परतीचा रस्ता माझ्या माहेरावरून जात होता, म्हणून हे म्हणाले, चला, तुम्हा दोघींना सोडतो. वाटेत चढ संपतो तिथं एक चहाची टपरी. गाडी रस्त्याच्या कडेला लावली. ढब्बी केबिनमध्ये मागच्या फळीवर गाढ झोपलेली. तिला कशाला उठवायचं म्हणून मी एकटी उतरले आणि नळावर तोंड धुवायला गेले. हे चहा सांगायला गेले.

ट्रक निघाला की केवढा आवाज होतो, माहीत आहे ना. खिडक्या थरथरतात. ही गाडी निघाली ती आवाज न करता. इंजिन बंद, मग आवाज कशाचा होणार? मी तोंडावर पाणी मारलं, डोळे उघडले, तर गाडी मघाशी होती तिथं नव्हती. थोडी पुढे होती. मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग ती आणखी थोडी पुढे गेली. सावकाश, एखादं म्हातारं माणूस फिरायला निघावं तशी. आणि मग सावकाश राहिली नाही.

हे धावले. मी धावले. टपरीवरचे झाडून सगळे धावले. कुणाच्या धावण्यानं काही झालं नाही, खोटं कशाला सांगू. उतारावर गाडी माणसाला ऐकत नाही. पुढे वळण होतं, वळणावर रस्त्याच्या कामासाठी खडीचा मोठा ढीग टाकलेला होता, आणि गाडी सरळ जाऊन त्या ढिगात पुढच्या चाकांपर्यंत घुसली आणि थांबली. ढीग तिथं नसता तर काय, ते मी आजही पुरतं मनात आणत नाही. हे वर चढले, दार उघडलं. ढब्बी उठून बसली होती, केस विस्कटलेले. डोळे चोळत म्हणाली, "आजीचं घर आलं?"

मी तिला जी उचलली ती माहेरी पोचेपर्यंत खाली ठेवली नाही. माझे हात भरून आले तरी ठेवली नाही.

ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे, ती मी त्या दिवशी पाहिली. ज्याची गाडी सुटली त्याला कुणी बोल लावत नाही. त्याला मध्ये बसवतात, त्याच्या हातात चहा देतात, आणि मग एकेक जण आपापली गाडी कशी सुटली होती ते सांगतो. एक जाड्या ड्रायव्हर म्हणाला, त्याची गाडी तळ्यात गेली होती आणि म्हशींनी जरा सरकून तिला जागा करून दिली होती. दुसऱ्यानं सांगितलं, तो आपल्याच गाडीमागे धावत होता, तर लोकांना वाटलं हा चोर आहे आणि गाडी त्याच्या तावडीतून पळतेय. त्यालाच धरून ठेवला, गाडी गेली. एका म्हाताऱ्याची गाडी गोदामाच्या आवारात आपली आपण मागे जाऊन दोन गाड्यांच्या मधोमध अशी सरळ उभी राहिली, की रखवालदार त्याला म्हणाला, "इतकी वर्षं गाडी लावतोस, आज पहिल्यांदा नीट लावलीस." सगळे पोट धरून हसले. मलासुद्धा रडता रडता हसू फुटलं. हे हसले नाहीत. हातातला चहा तसाच, वर साय धरलेली.

मग टपरीशेजारचा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "हँडब्रेकची तार सैल आहे. तुम्ही ओढला असेल आणि सुटला असेल, किंवा तुम्ही ओढलाच नसेल. दोन्ही होऊ शकतं."

बिचाऱ्यानं जे दिसलं ते सांगितलं. पण त्या दोन्ही होऊ शकण्यानं ह्यांना पोखरलं. ओढला होता का नव्हता? ह्यांना आठवेचना. ओढला नव्हता असं नक्की कळलं असतं तर स्वतःला चार शिव्या घालून मोकळे झाले असते. ओढला होता असं कळलं असतं तर तारेला शिव्या घातल्या असत्या. इथं काहीच नाही. हात तर रोज ओढतो, मग त्या दिवशी ओढला का, हे हातालाच माहीत नाही.

तार नवीन टाकली. सुताराकडून चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा करून घेतला, चांगला जड, उतरता कापलेला, वर दोरीची कडी. वाटलं, झालं, आता मिटलं. कसलं मिटतंय. आता ठोकळा लावला का नाही, ही नवी शंका. गाडी लावायची, ठोकळा ठोकायचा, चार पावलं यायचं, आणि परत जाऊन बघायचं. खानावळीत ताट वाढलं की उठायचं. माझ्या भावाच्या लग्नात पंगतीतून उठले. माझे वडील म्हणाले, "जावईबापूंना काही खुपलं का?" एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीवरून, अर्ध्या तोंडाला साबण लावलेला, गळ्याला फडकं, तसेच रस्त्यानं गाडीपर्यंत गेले. न्हावी वस्तरा घेऊन मागे. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. आणि दर वेळी ठोकळा आपल्या जागेवर. दर वेळी. एकदा जरी नसता, तरी मी म्हटलं असतं, बरं झालं बाई, उठले.

माणूस वाळत चालला. जेवण अर्धं, झोप अर्धी. गाडी उशिरा पोचते म्हणून मालक कुरकुरायला लागला. एक दिवस दुपारी घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "मी गाडी सोडतो. माझ्यानं होत नाही."

मी उठले. ताट वाढलं. म्हटलं, आधी जेवा. गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला, भिंतीपाशी उभी असते. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि पायात चप्पल अडकवून निघाले गाडी बघायला. आले. बसले. घास हातात घेतला आणि पुन्हा उठले, पायात चप्पल अडकवली.

मग माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मी काय करते हे मला मागाहून कळतं. मी ह्यांचा हात धरला आणि गल्लीतून फरफटत नेलं. शेजारपाजारचे खिडक्यांतून बघतायत, बघू देत. चाकापाशी नेऊन म्हटलं, "हा ठोकळा. दिसतोय? लागलाय?" हे म्हणाले, "लागलाय." मी खाली वाकले, ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल ओढून काढली आणि ठोकळ्याला टेकवून ठेवली. म्हटलं, "ही इथं राहील. तुमचा डावा पाय उघडा आहे म्हणजे ठोकळा लागलेला आहे. शंका आली की पायाकडे बघायचं. घरात असलात तर दाराकडे बघायचं, तिथं एकटी उजवी दिसेल. परत गाडी बघायला उठलात तर माझ्याशी गाठ आहे." आणि मी तरातरा घरी आले. मागून हे, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, लंगडत लंगडत.

पाटावर बसले. जेवायला लागले. मध्येच मान वर केली, मी डोळे वटारले. ह्यांनी दाराकडे बघितलं. एकटी उजवी. बघत राहिले थोडा वेळ. आणि मग, काय सांगू तुम्हाला, खाली मान घालून ताट संपवलं आणि त्या खडीच्या ढिगानंतर पहिल्यांदा दुपारी घोरले.

झालं. तिथून पुढे सगळं आयुष्य एका चपलेवर. ह्यांनी त्यात आपली एक भर घातली. निघताना आधी ठोकळा उचलून हातात घ्यायचा आणि मगच डावा पाय चपलेत घालायचा. म्हणजे ठोकळा विसरून गाडी पुढे काढायची सोयच राहिली नाही. गाडी सोडायची गोष्ट परत कधी काढली नाही. रस्त्यावर ह्यांचं नाव पडलं एकचप्पल. "एकचप्पल आला का, एकचप्पल कुठवर पोचला." ह्यांचं खरं नाव मालकालाही आठवत नसेल.

चप्पल दुरुस्त करणारा आमच्या गल्लीतलाच. तो ह्यांची जोडी हातात घेऊन एकदा बराच वेळ बघत बसला. उजवीची टाच झिजून कागद झालेली आणि डावी अजून करकर वाजतेय. मला म्हणाला, "वहिनी, साहेब एकाच पायानं चालतात का?" उन्हाळ्यात डांबरावर हे डाव्या पायाच्या चवड्यावर चालायचे. तळव्याला घट्टा पडला. एकदा एका कुत्र्यानं ती चप्पल खरंच पळवली, तेव्हापासून ती कडीच्या दोरीत अडकवायला लागले. घरातल्या प्रत्येक फोटोत सगळे नटूनथटून उभे, आणि कडेला हे, हसरे, डावा पाय उघडा. फोटोवाला दर वेळी म्हणायचा, पाय मागे घ्या. हे घ्यायचे नाहीत. पाय दिसायला हवा.

ढब्बीला मात्र ह्याची लाज वाटायची. शाळेत पालकांना बोलावलं की हे गाडी शाळेबाहेर लावून तसेच आत. बाईंनी एकदा ह्यांच्या पायाकडे पाहिलं आणि मग सगळा वेळ भिंतीकडे बघून बोलल्या. पोरं ढब्बीला 'एकचप्पलची पोरगी' म्हणायला लागली. घरी येऊन दप्तर फेकून म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या शाळेत येऊ नका. आलात तर दोन्ही चपला घालून या." हे म्हणाले, "दोन्ही घातल्या तर मला तुझ्या बाई काय म्हणतात ते ऐकू येणार नाही." पोरीला काही कळलं नाही. तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, आणि आम्ही तिला बरीच वर्षं सांगितलंही नाही.

आणि तीच पोर मोठी झाली आणि म्हणाली, मला ट्रक चालवायचाय. मी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, जगात इतकी कामं आहेत, नेमकं हेच सुचलं का. मी अबोला धरला, आदळआपट केली, जेवण टाकलं. जेवण टाकणं मला फार वेळ जमत नाही, ते सोडा. मला भीती वाटत होती. तिनं त्या केबिनचं दार उघडलं की मला ते विस्कटलेले केस दिसायचे.

हे नाही म्हणाले नाहीत. माल उतरवायच्या मोकळ्या आवारात तिला शिकवायला न्यायला लागले. मी एकदा बघायला गेले, मुद्दाम, काहीतरी खोड काढायला. तर गाडी चालतच नव्हती. पोर गाडी लावायची, उतरायची, ठोकळा लावायची, पाठ करून फाटकापर्यंत चालत जायची. परत यायची. परत तेच. मी म्हटलं, "हे काय शिकवताय? चालवायला कधी शिकणार ती?" हे म्हणाले, "चालवायला कुणीही शिकतं. गाडीकडे पाठ फिरवायला शिकणं अवघड."

मालकानं नवी गाडी घेतली होती. तिचा ब्रेक आपला आपण लागतो म्हणे, ब्रेकची हवा कमी झाली की जास्तच घट्ट बसतो, आणि पुढे लाल दिवा लागतो. ढब्बी ह्यांना समजावायची, "बाबा, आता ठोकळ्याची पण तितकी गरज नाही. दिवा लागतो ना." हे म्हणायचे, "दिवा गाडीत. मी टपरीवर. मला तिथं कोण सांगणार?" ती हसायची. ठोकळा लावायची, पण चप्पल काढायची नाही. म्हणायची, "ते तुमचं. मला नाही जमायचं ते ध्यान."

मग ह्यांचा गुडघा गेला. केबिनची पायरी उंच, तिथं पाय टाकून अंग वर ओढायचं म्हणजे डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, पुरे आता. मालक चांगला माणूस. म्हणाला, "एकचप्पल, गाडी घरातच राहू दे." गाडी ढब्बीच्या हातात आली आणि हे घरी आले.

तुम्हाला माझं हसू येईल, पण मी किती वर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होते. दाराशी ह्यांच्या दोन्ही चपला. शेजारच्या बायकांच्या दाराशी नवऱ्यांच्या जोड्या पडलेल्या असतात, एक इकडे, एक तिकडे, त्या बायका पायानं सरळ करतात आणि पुटपुटतात. मला तसं पुटपुटायचं होतं. ह्यांनी नवी जोडी आणली, दाराशी काढली, मी ती पायानं सरळ केली आणि पुटपुटून घेतलं. फार बरं वाटलं.

ते सुख काही टिकलं नाही. जेवायला बसलो, ह्यांनी सवयीनं दाराकडे बघितलं. दोन्ही चपला. आणि ह्यांचा घास हातातच राहिला. उठले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, भिंतीपाशी मोकळ्या जागेत उभे राहिले आणि परत आले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही." मला बरं कळलं काय ते. इतकी वर्षं दोन चपला म्हणजे ठोकळा काढलेला. आता गाडी होतीच, कुठेतरी लांब, पोर तिच्यात, आणि ह्यांना सांगणारं काही नाही.

फोन सुरू झाले. "थांबलीस का? उतार आहे का? ठोकळा लावलास?" पोरीनं आधी हसून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी चालवत असताना फोन वाजतो, माझं लक्ष जातं. असं करू नका." त्या दिवसापासून ह्यांनी फोन करणं बंद केलं. आणि जेवणही जवळजवळ बंद केलं. मी चपला कपाटात लपवून बघितल्या, तर हे कपाटाकडे बघायला लागले. मी एकच चप्पल दाराशी ठेवून बघितली, तर म्हणाले, "अगं, दुसरी पलंगाखाली आहे, मला माहीत आहे ना." आता ह्यावर काय बोलणार? डॉक्टरांनी तपासलं आणि काही नाही म्हणाले. मीही बघत होते की, सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसायला लागला होता.

ढब्बी फेरी संपवून घरी आली तेव्हा तिनं बापाला पाहिलं. स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, मी गाडी सोडते. मालकाच्या ऑफिसात जागा आहे, तिथं बसेन. रोज डोळ्यांसमोर राहिले म्हणजे बाबा जेवतील."

हेच तर मला हवं होतं. किती भांडले होते ह्यासाठी. आणि आता ती स्वतः म्हणतेय तर मला ते नकोसं झालं. मी तिला आवारात गाडी मागे घेताना पाहिलं होतं, कोपर खिडकीत, एका हातानं, बापासारखी. असं तोंड तिचं घरात कधी नसतं. मी म्हटलं, "ही फेरी करून ये. मग बघू." ती म्हणाली, "ही शेवटची. आल्यावर मालकाला सांगते." हे बाहेरच्या खोलीत होते. आमच्या घराच्या भिंती काही जाड नाहीत. ह्यांनी ऐकलं असणार, कारण संध्याकाळी मला म्हणाले, "तिला सोडू देऊ नकोस. मी जेवत जाईन." आणि पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठले.

सकाळी ती निघाली. बापाच्या पाया पडली, मला म्हणाली, दार लावून घे. गाडी गेली.

थोड्या वेळानं हे फिरायला निघाले आणि दाराशी थबकले. "अगं, माझी डावी चप्पल?" मी म्हटलं, असेल तिथंच. नव्हती. पलंगाखाली नव्हती. कपाटात नव्हती. मी जिन्यात बघितलं, कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, शेजारणीला नको ते बोलले. हे तसेच एका चपलेनं गल्लीभर शोधून आले. म्हटलं, आता नवी जोडी आणा. म्हणाले, "थांब जरा." दुपार झाली. मी ताट वाढलं, म्हटलं, चपलेवाचून घास अडत नाही, बसा.

तेवढ्यात फोन वाजला. ढब्बीचा. मी फोन ताटाशेजारी ठेवला, दोघांना ऐकू यावा म्हणून.

"बाबा, जेवलात?"

"बसलोय. माझी डावी चप्पल सापडत नाहीये."

"सापडणार नाही. माझ्याकडे आहे."

मी म्हटलं, "अगं कार्टे, मी सगळी गल्ली पालथी घातली. सांगून नेता येत नव्हती?"

"सांगितलं असतं तर तू नेऊ दिली नसतीस. बाबा, मी आता टपरीवर थांबलेय. जरासा उतार आहे, चहा बशीत ओतून बघितला. ठोकळा लावलाय आणि तुमची चप्पल त्याला टेकवून ठेवलीय, दोरीत अडकवून. फेरीभर माझ्याकडेच राहणार. घरी आले की दाराशी आणून ठेवीन. तुम्ही दाराकडे बघा. एकटी उजवी आहे ना?"

ह्यांनी दाराकडे बघितलं. "आहे."

"मग जेवा. आणि मी गाडी सोडत नाहीये." तिनं फोन ठेवला.

मला डोकं आहे, ते कधीकधी नको तेव्हा चालतं. मी म्हटलं, "अहो, पण ती परत गाडी सुरू करेल तेव्हा चप्पल केबिनमध्ये जाणार. तुमचं दार तर तेच दाखवणार. मग तुम्हाला कसं कळायचं?"

हे माझ्याकडे बघून हसले. कितीतरी दिवसांनी. म्हणाले, "चालत्या गाडीची मला कधीच भीती नव्हती गं. चालते तेव्हा पोरीच्या हातात असते. भीती सगळी उभ्या गाडीची."

आणि खाली मान घालून जेवायला लागले. मी समोर बसून बघत होते, मध्ये उठतात का. नाही उठले. एकदा दाराकडे बघितलं, भाजी संपवली, ताट पुढे सरकवून म्हणाले, "अजून वाढ." मला रडू आलं. आलं तर आलं, त्यात लपवायचं काय. मी पातेलं घेऊन उभी, डोळे भरलेले, आणि माझी नजर गेली ह्यांच्या डाव्या पायाकडे. सकाळपासून गल्लीभर हिंडलेला, काळा कुळकुळीत.

मी वाढलं आणि म्हटलं, "अहो, निदान तो पाय तरी धुवायचा होता."